एडक्याचे पंचांग

इंग्लंडमधल्या मेंढ्या साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास माजावर येतात. त्याच मेंढ्या जहाजातून विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील देशांत नेल्या, तर काही काळ त्यांचे वेळापत्रक विस्कटते आणि पुढे त्या एप्रिल-मेमध्ये माजावर येऊ लागतात. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एफ. एच. ए. मार्शल यांनी विषुववृत्त ओलांडलेल्या जनावरांच्या अशा नोंदी एकत्र करून १९३७ साली प्रसिद्ध केल्या. उत्तर गोलार्धातला ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धातला एप्रिल यांत साम्य एवढेच, की दोन्ही शरद ऋतूतले महिने आहेत. या दिवसांत दिवस लहान होत जातो आणि रात्र वाढत जाते.

पण नव्या देशात हवा, गवत, पाणी, सगळेच बदललेले असते. त्यातले नेमके काय जनावराला कळते? यीट्स या संशोधकाने केंब्रिजमध्ये मेंढ्यांना कृत्रिम प्रकाशात ठेवून १९४९ साली याचे उत्तर दिले. मेंढ्या इंग्लंडमध्येच राहिल्या. फक्त दिव्यांच्या साहाय्याने त्यांचा ‘दिवस’ बाहेरच्या दिवसाच्या उलट क्रमाने लांबवला आणि आखडला. परिणामी विणीचा हंगामही उलटा झाला. म्हणजे मेंढीला ऋतू कळतो तो थंडीवरून नव्हे, चाऱ्यावरूनही नव्हे, तर दिवसाच्या लांबीवरून.

हे मेंढीबद्दल झाले. या लेखाचा नायक मात्र नर आहे. मराठीत मेंढा आणि मेंढी या दोन्ही शब्दांचे ‘मेंढ्या-’ असे एकच सामान्यरूप होते आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. म्हणून यापुढे नराला आपण त्याच्या जुन्या नावाने, एडका असेच म्हणू.

दीडशे दिवसांचा हिशेब

मेंढी सुमारे १५० दिवस गाभण असते. कोकरू एप्रिलमध्ये, म्हणजे थंड प्रदेशात नवे गवत फुटते तेव्हा जन्माला यायचे असेल, तर संयोग नोव्हेंबरमध्ये व्हायला हवा. दोन महिने अलीकडे जन्मलेले कोकरू बर्फात सापडते. दोन महिने उशिरा जन्मलेल्याला पुढच्या हिवाळ्यापूर्वी अंगावर मांस धरायला वेळ उरत नाही. चूक केली तर दंड मृत्यूचाच असल्यामुळे, ज्यांची वेळ बरोबर साधली त्यांचीच पिल्ले पुढे राहिली.

एडक्याला तर आणखी आधी तयारीला लागावे लागते. त्याच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ सात आठवडे लागतात. तेथून अधिवृषणाच्या लांबलचक नळीतून प्रवास करत पक्व व्हायला साधारण दोन आठवडे. शिवाय उन्हाळ्यात आक्रसलेले वृषण मुळात वाढायला वेळ हवा तो वेगळाच. नोव्हेंबरच्या लढतीसाठी त्याचे शरीर जून-जुलैतच कामाला लागलेले असते. येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, की जूनमध्ये तर दिवस सर्वांत मोठा असतो, मग लहान दिवसाचा इशारा त्याला मिळाला कधी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याकडे आपण थोड्या वेळाने वळू.

पण वर्षभर तयार राहायला काय हरकत होती? वृषण आक्रसण्याचा हा उपद्व्याप कशासाठी? याचे उत्तर स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात असलेल्या सेंट किल्डा या बेटांवर मिळते. त्यांतल्या हिर्टा बेटावरची माणसे १९३० साली कायमची उठून गेली. १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरची १०७ मेंढरे तेथे आणून सोडण्यात आली आणि तेव्हापासून ती कोणाच्याही देखभालीशिवाय राहत आहेत. ही सोए जातीची मेंढरे लहान चणीची, तपकिरी रंगाची आणि बरीचशी रानटी आहेत. विणीच्या हंगामात सोए एडका खाणे जवळजवळ विसरतो. दिवसभर टकरा, पाठलाग आणि राखण चालते. अंगावरची चरबी संपते आणि लगेच पुढे हिवाळा उभा असतो. वाईट वर्षी या बेटावरची निम्म्याहून अधिक मेंढरे हिवाळ्याच्या अखेरीस उपासमारीने मरतात आणि त्यांत नरांचा वाटा मोठा असतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथील काही नर कोकरांचे लहानपणीच खच्चीकरण करून त्यांना परत सोडण्यात आले. ते नर इतर एडक्यांपेक्षा कितीतरी जास्त वर्षे जगले. पौरुषाची किंमत इतकी जबर असेल, तर ते वर्षातल्या गरजेच्या महिन्यांपुरतेच बाळगलेले बरे.

सोळा आठवड्यांचे वर्ष

याच सोए एडक्यांवर एडिंबरा येथे जेराल्ड लिंकन यांनी १९७०च्या दशकापासून अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांची मूळ रचना शाळेतही समजावून सांगता येईल इतकी सोपी आहे. एडके बंद खोलीत ठेवायचे. सोळा आठवडे रोज १६ तास उजेड आणि ८ तास अंधार. नंतरचे सोळा आठवडे ८ तास उजेड आणि १६ तास अंधार. पुन्हा पहिला क्रम. दर थोड्या दिवसांनी वृषणांचा व्यास मोजायचा आणि रक्ताचे नमुने घ्यायचे.

लहान दिवस सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पोष ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोने वाढीव प्रमाणात रक्तात येऊ लागली. एफएसएच हे शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींना जागे करते. एलएचमुळे वृषणातील दुसऱ्या प्रकारच्या पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. वृषण वाढत गेले, जांघेतली त्वचा लालसर झाली, एडके टकरा घेऊ लागले. मोठे दिवस सुरू होताच ही सगळी गाडी उलट दिशेने निघाली. एडक्यांचे वर्ष ५२ आठवड्यांऐवजी ३२ आठवड्यांचे झाले!

यात एक बारकावा आहे. एलएच रक्तात सतत झिरपत नाही, ठोक्याठोक्यांनी येते. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाच्या हॉर्मोनचा एक ठोका पडला, की पोष ग्रंथीतून एलएचचा एक ठोका पडतो. लांब दिवसांत हे ठोके विरळ होतात आणि लहान दिवसांत त्यांची गती वाढते. म्हणून ऋतूचा परिणाम वृषणात दिसत असला तरी त्याची कळ मेंदूत आहे. आता प्रश्न उरतो, तो उजेडाची बातमी त्या कळीपर्यंत पोचते कशी?

डोळ्यापासून मानेपर्यंत आणि परत

पक्ष्यांमध्ये उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचू शकतो. सस्तन प्राण्यांत तसे नाही. मेंढीचे डोळे काढले, तर तिला दिवसाची लांबी कळत नाही. पण उजेडाची ही बातमी आपण ज्या मार्गाने पाहतो त्या मार्गाने जात नाही. दृष्टिपटलातल्या काही मोजक्या चेतापेशी स्वतःच प्रकाशाला संवेदनशील असतात. त्यांच्यातील मेलॅनॉप्सिन या रंगद्रव्याचे काम २००० सालच्या आसपास उलगडले. या पेशींचे तंतू अधोथॅलॅमसमधल्या एका चिमुकल्या केंद्रात जातात. शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ ते हेच. तेथून निघालेला संदेश मेंदूतून खाली मज्जारज्जूत उतरतो, छातीच्या वरच्या भागात रज्जूबाहेर पडतो, मानेतल्या एका चेतागुच्छिकेत येतो आणि तेथून पुन्हा वर डोक्यात शिरून तृतीय नेत्र पिंडाला, म्हणजेच पिनियल ग्रंथीला मिळतो. शेजारच्या घरी निरोप द्यायला गावाबाहेरून वळसा घालून जावे, तसा हा प्रकार आहे.

हा वळसा संशोधकांच्या पथ्यावर पडला. ग्रंथी काढायची तर मेंदूत शिरावे लागते. पण मानेतली गुच्छिका काढली की ग्रंथी जागेवर राहूनही बहिरी होते. लिंकन यांनी एडक्यांवर ही शस्त्रक्रिया केली आणि १९७९ साली तिचे निष्कर्ष मांडले. गुच्छिका काढलेल्या एडक्यांना दिवस लांबवल्याचे किंवा आखडल्याचे काही सोयरसुतक राहिले नाही.

पिनियल ग्रंथी ही मेंदूच्या मध्यरेषेवरची, देवदाराच्या जातीतल्या झाडांच्या फळासारख्या आकाराची छोटीशी गाठ आहे. मेंदूतले बहुतेक भाग जोडीने असतात आणि ही एकटीच, म्हणून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी आत्म्याचे ठाणे येथे असल्याचे मानले होते. मासे, बेडूक अशा प्राण्यांत ती स्वतः प्रकाश ओळखू शकते. सस्तन प्राण्यांत तिची ही शक्ती गेलेली आहे. मराठी नावातला ‘नेत्र’ हा त्या जुन्या इतिहासाची आठवण म्हणायचा. १९१७ साली असे दिसले, की गाईच्या या ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला तर त्यांची कातडी फिकी पडते. हा परिणाम घडवणारा पदार्थ १९५८ साली आरोन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात शुद्ध स्वरूपात मिळवला आणि त्याला मेलाटोनिन हे नाव दिले. लर्नर होते त्वचारोगतज्ज्ञ. ते कातडीच्या रंगावरचा उपाय शोधत होते आणि हाती लागला तो ऋतूंचा दूत!

मेलाटोनिन फक्त रात्री तयार होते. अंधार पडल्यावर मानेतून आलेले तंतू नॉरॲड्रेनॅलिन सोडतात. त्यामुळे ग्रंथीतले एक विकर टिकून राहते आणि सेरोटोनिनचे रूपांतर मेलाटोनिनमध्ये होऊ लागते. मेंढीत हे विकर दिवसाही बनत असते, पण बनते न बनते तोच मोडून टाकले जाते. रात्री ते मोडणे थांबते. म्हणून अंधार होताच उत्पादन झपाट्याने सुरू होते आणि मध्येच दिवा लावला तर तितक्याच झपाट्याने थांबते. मेंढीच्या रक्तातील मेलाटोनिन १९७६ साली मोजले गेले तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होते. आठ तासांच्या रात्री सुमारे आठ तास पातळी वर, सोळा तासांच्या रात्री सुमारे सोळा तास वर.

मेलाटोनिनला ‘झोपेचे हॉर्मोन’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला फारशी पटत नाही. उंदीर रात्रभर धावपळ करतो आणि त्याच्याही रक्तात मेलाटोनिन रात्रीच असते. ते अंधाराचे हॉर्मोन आहे. अंधारात काय करायचे, हे ज्या त्या प्राण्याने ठरवायचे.

निरोप एकच, अर्थ दोन

येथपर्यंत आल्यावर एक चुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. लांब रात्री मेलाटोनिन जास्त, लांब रात्री एडका सक्षम, म्हणून मेलाटोनिन प्रजननाला चालना देते. पण १९६५ साली हॉफमन आणि रायटर यांनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्यावर केलेल्या प्रयोगात नेमके उलटे दिसले होते. हॅम्स्टरला अंधारात ठेवले की वृषण आक्रसतात आणि पिनियल ग्रंथी काढून टाकली तर आक्रसत नाहीत. त्यावरून ही ग्रंथी प्रजनन रोखते असे अनेकांनी मानले. हॅम्स्टरचा गर्भकाळ आहे दोन-तीन आठवड्यांचा. वसंतात-उन्हाळ्यात पिल्ले हवी असतील तर त्याने संयोगही त्याच दिवसांत करायला हवा. मेंढीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा, म्हणून तिने शरदात. दोघांनाही मिळणारा निरोप एकच, ‘रात्र लांब आहे’. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक जातीने आपापल्या गर्भकाळाच्या हिशेबाने लावलेला आहे.

निरोपात महत्त्व कशाला, हे अमेरिकेत मिशिगन येथे एरिक बिटमन, फ्रेड कार्श आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले. त्यांनी मेंढ्यांची पिनियल ग्रंथी काढली आणि मेलाटोनिन बाहेरून थेंबाथेंबाने दिले. मेंढी लहान दिवसांच्या उजेडात असली तरी तिला लांब दिवसाच्या नमुन्याने, म्हणजे थोडेच तास मेलाटोनिन दिले, तर तिचे शरीर दिवस लांब असल्याप्रमाणे वागले. उलट केले तर उलटे. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा आता संबंधच उरला नव्हता. रोज किती तास मेलाटोनिन मिळते, हाच तो निरोप.

हा निरोप वाचला कोठे जातो, हा शोध अलीकडचा आणि थोडा अनपेक्षित आहे. मेलाटोनिनचे ग्राही मेंदूत भरपूर असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते सर्वाधिक दाटीने सापडले पोष ग्रंथीच्या देठाभोवती गुंडाळलेल्या पातळ थरात. रात्र लहान असली, म्हणजे मेलाटोनिन थोडेच तास मिळाले, तर या थरातील पेशी टीएसएच हे हॉर्मोन तयार करतात. टीएसएच आपल्याला थायरॉइडला हुकूम देणारे म्हणून माहीत आहे. पण येथे ते खाली रक्तात न जाता वर, अधोथॅलॅमसकडे जाते आणि तेथील पेशींना थायरॉइड हॉर्मोन सक्रिय रूपात बदलायला लावते. वरिष्ठाने कनिष्ठाला हुकूम द्यावा हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला आहे. ही साखळी आधी जपानमध्ये लाव्यावर आणि २००८ साली मेंढीतही दाखवली गेली. एडक्यात या सक्रिय हॉर्मोनचा परिणाम म्हणजे विणीचा हंगाम संपवणे. त्याआधीच, १९९४ साली, थायरॉइड ग्रंथी काढलेल्या एडक्यांचे वृषण ठरल्या वेळी आक्रसत नाहीत असे दिसले होते. तेव्हा कोड्यात टाकणारे ते निरीक्षण आता आपल्या जागी बसले.

मार्चमधला आणि सप्टेंबरमधला दिवस

बारा-तेरा तासांचा दिवस वर्षातून दोनदा येतो. एडक्याने तो वसंतातला समजायचा की शरदातला? कार्श यांच्या गटाने मेंढ्यांवर हेही तपासले. आधी सोळा तासांचा दिवस पाहिलेल्या मेंढीला तेरा तासांचा दिवस लहान वाटतो. आधी लहान दिवस पाहिलेल्या मेंढीला तोच दिवस मोठा वाटतो. जनावर आजची रात्र एकटी मोजत नाही, मागच्या रात्रींशी ताडून पाहते.

आता तो राहिलेला प्रश्न. जूनमध्ये एडक्याची तयारी सुरू होते कशी? कोणताही एकच इशारा फार काळ मिळत राहिला तर शरीर त्याला जुमानेसे होते. बरेच आठवडे लांब दिवस सोसल्यावर त्यांचा अडसर आपोआप ढिला पडतो आणि वृषण हळूहळू वाढू लागतात. पुढे आखडणारे दिवस त्या वाढीला जोर देतात. त्याच न्यायाने, कायम लहान दिवसांत ठेवलेल्या एडक्याचे वृषणही शिखर गाठून काही महिन्यांनी आक्रसू लागतात. आत स्वतःचे असे वार्षिक चक्र आहे. पिनियल ग्रंथी किंवा मानेतली गुच्छिका काढलेले एडके वर्षानुवर्षे पाहिले, तर त्यांचेही वृषण वाढतात आणि आक्रसतात, मात्र ऋतूंशी आणि एकमेकांशी मेळ न राखता. ग्रंथी चक्र निर्माण करत नाही. घड्याळजी घड्याळ लावतो तशी ती ते चक्र दरवर्षी सूर्याशी जुळवून देते.

हे ज्ञान गोठ्यापर्यंत पोचले आहे. काही देशांत कानाच्या मुळाशी कातडीखाली १८ मिलिग्रॅम मेलाटोनिनची बारीक कांडी बसवतात. तिच्यातून अनेक आठवडे रात्रंदिवस मेलाटोनिन झिरपते. सतत मेलाटोनिन म्हणजे फार लांब रात्र, असे जनावर समजते आणि हंगाम अलीकडे येतो. एडक्यांना मेंढ्यांपेक्षा जास्त कांड्या लागतात आणि शुक्राणूंचा कालावधी लक्षात घेऊन त्या पुरेशा आधी बसवाव्या लागतात. फ्रान्समध्ये पेल्तिए आणि आल्मेदा यांनी १९८७ साली वेगळी युक्ती दाखवली. एक महिना लांब दिवस, एक महिना लहान दिवस, असा झटपट आलटून-पालटून उजेड दिला, तर वृषणांना पूर्ण आक्रसायला सवडच मिळत नाही आणि एडका वर्षभर वीर्य देतो. कृत्रिम रेतन केंद्रांच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. मेक्सिकोच्या उत्तर भागात, २६ अक्षांशाजवळ, बोकडांना हिवाळ्यात अडीच महिने दिव्यांनी लांब दिवस दाखवून वसंतात कामाला लावतात. असा चेतलेला बोकड कळपात सोडला, की त्याच्या वासाने आणि वावराने शेळ्याही अवेळी माजावर येतात. शेळीला काहीच औषध द्यावे लागत नाही. मला यातला हा उपाय सर्वांत आवडतो, कारण त्याला लागतात फक्त दिवे.

आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्या मात्र वर्षातल्या बहुतेक महिन्यांत विताना दिसतात. धनगरांना विचारले तर ते पाऊस, चारा आणि वाड्याचा मुक्काम यांविषयी बोलतील, सूर्याविषयी नाही. त्याचे कारण वर्गातच काढता येईल. घरातल्या दिनदर्शिकेत रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याच्या एका तारखेची दिवसाची लांबी काढून आलेख काढावा. मुंबईला २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि २२ डिसेंबरचा सुमारे अकरा तासांचा येईल. त्याच कागदावर सेंट किल्डाचा आलेख काढला तर तो १८ तासांपासून साडेसहा तासांपर्यंत खाली-वर जाईल. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे दिवस एका आठवड्यात जवळजवळ ३५ मिनिटांनी आखडतो, मुंबईला आठेक मिनिटांनी. शिवाय आपल्याकडचे गवत दिवसाच्या लांबीवर नाही, पावसावर येते आणि पाऊस काही दरवर्षी तारीख पाळत नाही. दख्खनी एडक्यालाही पिनियल ग्रंथी आहे आणि रोज रात्री त्याच्याही रक्तात मेलाटोनिन चढते. वृषण आक्रसून बसावे इतके महत्त्व मात्र तो त्या निरोपाला देत नाही. त्याला जास्त जाच होतो तो एप्रिल-मेच्या उन्हाचा, कारण शुक्राणू तयार व्हायला वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी असावे लागते.

गावात कळप उतरला असेल तर विद्यार्थ्यांना एक पाहणी करता येईल. धनगराची परवानगी आणि मदत घेऊन, कापडी फीत वृषणकोशाच्या सर्वांत रुंद भागाभोवती धरून परीघ मोजायचा आणि एडक्याच्या शिंगाला ओळखीची खूण करून ठेवायची. तोच कळप परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच माळावर उतरला की त्याच एडक्याचा परीघ पुन्हा मोजायचा आणि मधल्या महिन्यांतला पाऊस, चारा व दिवसाची लांबी शेजारी लिहून ठेवायची. एडका धरायचे काम मात्र धनगरालाच करू द्यावे.